‘लीव्ह’च्या उलट काय? आधी सांगा, सुटलं काय?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलगा सातवीत, सेमीला आहे. एका चाचणीत ‘डिपार्ट’चा विरुद्धार्थी शब्द विचारला, त्यानं ‘कम’ लिहिलं. बाईंनी फुली मारून शेजारी ‘अराइव्ह’ लिहिलं. पुढच्या चाचणीत ‘लीव्ह’ आलं. लेकरानं मागची ठेच लक्षात ठेवून ‘अराइव्ह’ लिहिलं, तर त्यावरही फुली, उत्तर म्हणे ‘स्टे’. आता तो म्हणतोय इंग्रजीला काही नेम नाही, आणि तुम्हाला हवंय की ‘जाणे’, ‘निघणे’, ‘सोडणे’ याच्या उलट इंग्रजीत नेमके कोणते शब्द आहेत ते एकदा कळावं.

बाईंवर राग धरू नका, त्यांनी उत्तरसूचीत छापलेलं दिलं. दोष सुटा शब्द समोर टाकून ‘याच्या उलट काय’ विचारण्याच्या पद्धतीचा आहे. मी परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या शाळांत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली पहिली बारा-पंधरा वर्षं मीही हेच केलं. फळ्यावर डावीकडं एक रांग, उजवीकडं एक रांग. पोरं घोकायची, मार्क पडायचे, आणि दहावीला तोच शब्द वाक्यात आला की बावचळायची.

मग मला अक्कल आली ती मराठीमुळं. इंग्रजी घटकाभर बाजूला ठेवा आणि मला सांगा, ‘सुटली’च्या उलट काय? स्टँडवरून गाडी सुटली, तिच्या उलट गाडी लागली. कंट्रोलर माइकवर सांगतो ना, ‘फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे’. शाळा सुटली, तिच्या उलट शाळा भरली. नोकरी सुटली, लागली. गाठ सुटली, बसली. म्हैस सुटली, तिच्या उलट बांधली. जेलातून सुटला, त्याच्या उलट अडकला. आणि पोट सुटलं त्याच्या उलट काय, ते मला या वयातही अनुभवानं सांगता येत नाही. तुमच्या लेकराला यातलं काही पाठ करावं लागलं नाही. ‘गाठ भरली’ असं तो कधी म्हणणार नाही, कारण काय सुटलं हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ‘लीव्ह’चं अगदी तसंच आहे. कोण निघालं, कशातून निघालं, काय मागं टाकलं, हे पाहिल्याशिवाय उलट शब्द सापडत नाही.

‘डिपार्ट’ त्या मानानं सोपा, म्हणून त्याच्यापासून सुरू करू. तो जरा इस्त्रीतला शब्द आहे. रेल्वे, विमान, शिष्टमंडळ, पाहुणे यांच्यासाठी. घरातून भाजी आणायला जाणारा माणूस ‘डिपार्ट’ होत नाही. त्याचा जोडीदार ‘अराइव्ह’, तोही तितकाच इस्त्रीतला. स्टेशनातल्या वेळापत्रकात हे दोघं शेजारी बसतात: आगमन, प्रस्थान. मी पोरांना तपोवन एक्स्प्रेस काढून दाखवायचो. ती नांदेडहून मुंबईला निघते. नांदेडच्या ओळीत आगमनाचा रकाना रिकामा, नुसतं प्रस्थान. मुंबईच्या ओळीत नुसतं आगमन, प्रस्थान रिकामं. मधल्या परभणी, सेलू, जालन्याला दोन्ही रकाने भरलेले. एकच गाडी, एकच प्रवास, त्याची दोन टोकं म्हणजे ‘डिपार्ट’ आणि ‘अराइव्ह’. आणि परभणीच्या ओळीत त्या दोन वेळांच्या मधली जी चार-पाच मिनिटं गाडी उभी असते ना, ती म्हणजे ‘स्टे’ किंवा ‘हॉल्ट’. तुमच्या मुलाच्या दोन्ही चाचण्यांची उत्तरं या एका ओळीत आहेत.

‘अराइव्ह’ शब्दाचं मूळ ऐकण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये ‘रिपा’ म्हणजे काठ. काठाला येणं, नाव काठाला लागणं, त्यातून फ्रेंचमार्गे ‘अराइव्ह’ झाला. आपल्या भागाला समुद्र नाही, पण गोदावरी आहे, आणि बरीच दगदग करून काम उरकलं की आपल्याकडंही माणूस म्हणतो, ‘लागलो बाबा एकदाचा काठाला’. गंगाखेडच्या पोरांना हे सांगितलं की ‘अराइव्ह’ परत विसरत नसत.

मग ‘कम’ का चालू नये? कारण ‘कम’ची जोडी ‘गो’शी लागलेली आहे, आणि ती जोडी बोलणारा-ऐकणारा कुठं आहे यावर फिरते. समजा, मी परभणीत आहे आणि तुम्ही नांदेडात. उद्या सकाळी निघताना मी बायकोला म्हणेन, ‘आय ॲम लीव्हिंग’. तुम्हाला फोनवर म्हणेन, ‘आय ॲम कमिंग’. माणूस तोच, पिशवी तीच, गाडीही तीच. म्हणजे ‘कम’ हा ‘लीव्ह’च्या उलट राहिला नाही, उलट त्याच कामाचं दुसऱ्या बाजूनं घेतलेलं नाव झाला. ‘अराइव्ह’ला असं कुणाच्या बाजूचं नसतं. तरीही सातवीच्या लेकरानं ‘डिपार्ट’ला ‘कम’ लिहिलं तर मी अर्धा मार्क दिला असता. दिशा त्याला कळली होती, पोशाख चुकला.

आता ‘लीव्ह’. याला खरे दोन मोठे विरोधी आहेत, आणि पेपर काढणारे बहुतेक वेळा मनात एकच धरून बसतात. एक विरोध टोकाचा: इथून निघाला, तिथं पोचला, ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’. दुसरा विरोध नकाराचा: निघालाच नाही, थांबला, ‘स्टे’ किंवा ‘रिमेन’. ओळखायची एक युक्ती मी शोधली होती, ती तुमच्या मुलाला द्या. शब्दाला विचारायचं, ‘किती वेळ?’ तो दोन तास थांबला, हे चालतं. तो दोन तास पोचला, हे चालत नाही. पोचणं क्षणाचं, थांबणं वेळ खाणारं. म्हणून ‘ही स्टेड फॉर टू अवर्स’ बरोबर, ‘ही अराइव्ह्ड फॉर टू अवर्स’ चूक. वाक्यात घड्याळातली वेळ दिली असेल, ‘द बस लेफ्ट ॲट सिक्स’, तर उलट ‘अराइव्ह्ड’. वाक्यात हट्ट, विनंती, मनाची घालमेल असेल, ‘प्लीज डोन्ट लीव्ह’, तर तिथं ‘स्टे’. पाहुण्याला आपण ‘जाऊ नका’ म्हणतो म्हणजे ‘थांबा’ म्हणतो. ‘पोचा’ म्हणत नाही.

‘स्टे’ आणि ‘रिमेन’ यांत ‘स्टे’ माणसाळलेला, ‘रिमेन’ कागदावरचा. मात्र ‘स्टे’ची आपल्याकडं एक खोड आहे. आपण ‘तुम्ही कुठं राहता’ याचं सरळ ‘व्हेअर डू यू स्टे’ करतो, कारण आपलं ‘राहणे’ मुक्कामालाही चालतं आणि जन्मभराच्या घरालाही. इंग्लंडातल्या माणसाला त्यातून हॉटेलातला मुक्काम ऐकू येतो. कायमच्या घरासाठी ‘लिव्ह’, ऱ्हस्व. हाच ऱ्हस्व-दीर्घ पुढं पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

याच घराण्यातले आणखी दोन. ‘लिंगर’ म्हणजे निघायचं असूनही पाय निघत नाही, दारात चप्पल घालून अर्धा तास बोलणं. मराठवाड्यातल्या प्रत्येक निरोपाला हा शब्द लागू आहे. ‘लॉयटर’ म्हणजे काही काम नसताना घुटमळणं, त्याला पोलिसी वास आहे.

आता मला ज्याची सर्वांत जास्त मौज वाटते ते सांगतो. पोरगं वर्गात येतं आणि म्हणतं, ‘सर, डबा घरी राहिला’. याचं इंग्रजी काय? निम्मा वर्ग सांगतो, ‘आय फरगॉट माय टिफिन ॲट होम’. बरोबर इंग्रजी आहे, ‘आय लेफ्ट माय टिफिन ॲट होम’. बघा, घटना एकच. मराठीत डबा ‘राहिला’, इंग्रजीत तो ‘लेफ्ट’. आपल्याकडं राहणं, त्यांच्याकडं सोडणं. हे उगाच नाही झालेलं. ‘लीव्ह’ हा शब्द जुन्या इंग्रजीत होता तेव्हा त्याचा अर्थच मुळी ‘राहू देणे, मागं ठेवणे’ असा होता. जर्मन भाषेत ‘राहणे, थांबणे’ याला ‘ब्लायबेन’ म्हणतात, तो ‘लीव्ह’चा सख्खा भाऊ. एखाद्या जागेला तिथंच राहू देऊन आपण पुढं जायचं, अशा वाटेनं ‘लीव्ह’ हळूहळू ‘निघणे’ झाला. म्हणजे ज्याला आपण विरुद्धार्थी म्हणून शोधतोय तो ‘राहणे’ ‘लीव्ह’च्याच पोटात आहे.

आणि तो अजून मेलेला नाही. गणिताच्या पुस्तकात ‘फोर फ्रॉम सेव्हन लीव्हज थ्री’ म्हणतात, म्हणजे तीन उरतात. डब्यात दोन पोळ्या उरल्या तर ‘टू आर लेफ्ट’. दोन माणसं निघून गेली तर ‘टू लेफ्ट’. मधला एक ‘आर’ काढला की राहिलेले गेलेले होतात. वर्गात मी हे फळ्यावर लिहून मागं सरकायचो आणि भांडणं बघायचो. तेवढ्यात एखादा हुशार उठून विचारायचा की डावा हात ‘लेफ्ट’ आणि झाडाची पानं ‘लीव्हज’ त्यांचं काय. ते वेगळे शब्द, आवाज जुळला म्हणून नातं लागत नाही. रजेची ‘लीव्ह’सुद्धा मुळात वेगळीच, तिचा जुना अर्थ परवानगी. गंमत म्हणजे आपली ‘रजा’ही तशीच, अरबी-फारसीतून आलेली आणि मूळ अर्थ संमती. ‘रजा द्या आता’ म्हणणारे आमच्या लहानपणीचे म्हातारे परवानगीच मागत असत. आपला मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं असे शब्द इथं घरच्यासारखे वावरतात. आजही बातमीत पथक रवाना होतं आणि दाखल होतं. ‘डिपार्ट’ आणि ‘अराइव्ह’ला याहून चांगली मराठी जोडी मला तरी माहीत नाही. आगमन-प्रस्थान स्टेशनच्या पाटीपुरतं ठीक.

‘दाखल’वरून आठवलं. शाळा सोडल्याचा दाखला. सोडल्याचा कागद, आणि त्याचं नाव ‘दाखल होणे’ या शब्दावरून! याच कागदाला गावोगाव ‘लिविंग सर्टिफिकेट’ म्हणतात आणि अर्जात स्पेलिंगही तसंच करतात, म्हणजे ‘जिवंत असल्याचा दाखला’. दीर्घ ‘ली’ म्हणा, असं सांगून मी थकलो. पुढं कळलं की ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ हे दोघंही मागं एकाच धातूकडं जातात असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, ‘चिकटून राहणे’ या अर्थाच्या. तेव्हापासून रागावणं कमी केलं. स्पेलिंग मात्र दुरुस्त करतोच.

एक छोटा शब्द इथं फार घात करतो, तो म्हणजे ‘फॉर’. ‘लीव्ह पुणे’ म्हणजे पुणं सोडणं. ‘लीव्ह फॉर पुणे’ म्हणजे पुण्याला निघणं. दिशा सरळ उलटी. माझा पुतण्या पुण्याला शिकत होता आणि दिवाळीआधी मित्राकडं नाशिकला जाऊन येणार होता. त्यानं रात्री मोबाइलवर इंग्रजीत पाठवलं, ‘लीव्हिंग फॉर पुणे टुनाइट’. म्हणायचं होतं, पुण्याहून निघतोय. भावाला वाटलं, पोरगं आता नाशिकहून पुण्याला चाललंय, गावाकडं यायला अजून एक दिवस आहे. पहाटे चारला तो सेलूच्या स्टँडवर दोन बॅगा घेऊन उभा आणि आम्ही सगळे घरी घोरतोय. फोनची बॅटरी संपलेली. सहा वाजता चहाच्या गाडीवाल्याच्या फोनवरून आवाज आला, ‘काका, कुणी यायलंय का न्यायला?’ तेव्हापासून आमच्या घरात ‘फॉर’ शिकवावा लागत नाही.

पोचण्याच्या बाजूलाही असेच काटे आहेत. ‘रीच’ला पुढं काही लागत नाही, ‘रीच्ड लातूर’. आपली पोरं ‘रीच्ड टू लातूर’ लिहितात, कारण मराठीत ‘लातूरला’ आहे आणि त्या ‘ला’साठी त्यांना काहीतरी बसवावं वाटतं. ‘अराइव्ह’ला मात्र लागतं: शहराला ‘इन’, स्टेशनला ‘ॲट’, आणि घराला पुन्हा काहीच नाही, ‘अराइव्ह्ड होम’.

तिसरा विरोध उत्तरसूचीत सहसा येत नाही, पण आमच्या वर्गात पहिल्यांदा तोच यायचा: ‘रिटर्न’, ‘कम बॅक’. मी बीड जिल्ह्यात होतो तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं की, गुढीपाडव्याच्या आगंमागं, परतायच्या. काही लेकरं आईबापाबरोबर जायची, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहायची. एकदा ‘लीव्ह’च्या उलट मराठीत काय, एवढंच विचारलं. आजीजवळ राहिलेली पोरगी म्हणाली, ‘राहणे’. तिच्या मागं बसलेला, आदल्याच आठवड्यात कोल्हापूरकडून आलेला, म्हणाला, ‘वापस येणे’. दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं की समोरचा चुकलाच. मी दोघांनाही बरोबर म्हटलं आणि फळ्यावर एकाखाली एक ‘स्टे’ आणि ‘रिटर्न’ लिहिलं. ‘अराइव्ह’ त्या दिवशी कुणालाच सुचला नाही, मलाही आठवण करून द्यावी वाटली नाही. ‘रिटर्न’ला पुढं ‘बॅक’ जोडू नये एवढं मात्र सांगून ठेवतो, ‘बॅक’ त्याच्या आतच आहे.

बाकीचे पटापट. नोकरी, पक्ष, संघ सोडला, तर उलट ‘जॉइन’. आपलं ‘रुजू होणे’. खोलीतून बाहेर पडला तर ‘एंटर’. दारावर लिहिलेलं ‘एक्झिट’ हे मुळात लॅटिन क्रियापद, ‘तो बाहेर जातो’, नाटकाच्या संहितेत पात्र रंगमंचावरून गेलं की लिहीत. वस्तू सोडली, ठेवली, तर ‘टेक’, म्हणून भाजीवाला वैतागला की ‘टेक इट ऑर लीव्ह इट’, घ्यायचं तर घ्या. घर रिकामं केलं, ‘व्हेकेट’, तर उलट ‘ऑक्युपाय’. देश सोडून गेला तो ‘एमिग्रंट’, देशात आला तो ‘इमिग्रंट’, आणि तिथंही माणूस एकच, बघणारा कोणत्या विमानतळावर उभा आहे एवढाच फरक. विमानाचं ‘टेक ऑफ’, उलट ‘लँड’. बसमधून ‘गेट ऑफ’, उलट ‘गेट ऑन’. कारला मात्र ‘गेट आउट’ आणि ‘गेट इन’, कारण कारमध्ये उभं राहता येत नाही. हे कारण व्याकरणात कुणी लिहिलेलं नाही, पण पोरांच्या लक्षात राहतं. मावळत्या सरपंचाला ‘आउटगोइंग’, नव्याला ‘इनकमिंग’. हे शब्द मोबाइलच्या रिचार्जमुळं आपल्याकडं आजीलाही येतात. विषय सोडून भरकटला, ‘डिपार्ट फ्रॉम द टॉपिक’, तर उलट ‘स्टिक टू’.

‘डिपार्ट’ची शेवटची एक गोष्ट. त्याचा एक जुना अर्थ ‘वेगळे करणे, वाटून टाकणे’ असाही होता, ‘पार्ट’ त्यात उघड दिसतोय. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्नाची शपथ १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ‘टिल डेथ अस डिपार्ट’ अशी होती, मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत. पुढं ‘डिपार्ट’चा हा अर्थ लोकांच्या तोंडून गेला, तेव्हा १६६२ मध्ये ते ‘टिल डेथ अस डू पार्ट’ करावं लागलं. आज ‘द डिपार्टेड’ म्हणजे दिवंगत. त्याच्या उलट ‘अराइव्ह्ड’ लिहिणारा विद्यार्थी मला एकदा भेटला आहे. तिथं शब्द लागतो ‘सर्व्हायव्ह’. शोकवार्तेत ‘ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय’ लिहितात, म्हणजे त्याच्या पश्चात कोण आहेत. किंवा ‘ही लीव्हज बिहाइंड’, आणि परत तोच ‘लीव्ह’, मागं राहू देणारा.

आपल्याकडं तर निघताना ‘जातो’ म्हणायचीच चोरी. उंबऱ्यावर पोरगं चुकून ‘जातो’ म्हणालं की माय ओरडते, ‘येतो म्हण!’ जाणाऱ्यानं विरुद्धार्थी शब्द उच्चारून जायचं, ही आपली रीत. इंग्रज मात्र सरळ ‘आय ॲम लीव्हिंग’ म्हणतो आणि त्यात त्याला काही अशुभ वाटत नाही, हे पोरांना मुद्दाम सांगावं लागतं. नाहीतर ‘येतो’चं भाषांतर ‘आय कम’ करून साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडणारे मी पाहिले आहेत.

तर चाचणीपुरतं काय करायचं? सुटा ‘डिपार्ट’ आला तर डोळे झाकून ‘अराइव्ह’. सुटा ‘लीव्ह’ आला आणि पर्याय दिले असतील तर पर्यायांत ‘अराइव्ह’ आहे की ‘स्टे’ ते बघायचं, दोन्ही क्वचितच असतात. पर्याय नसतील तर त्याच धड्यात ‘लीव्ह’ कुठल्या वाक्यात आला होता ते आठवायचं. धड्यात गाडी असेल तर ‘अराइव्ह’, घर किंवा माणूस असेल तर ‘स्टे’. तेही आठवलं नाही तर दोन्ही लिहून मधे तिरकी रेघ द्यायची. काही शिक्षक मार्क देतात, काही देत नाहीत, मी देत होतो. बाईंकडं मात्र पेपर घेऊन जाऊ नका, धडा घेऊन जा आणि वाक्य दाखवा. वाक्य पाहिलं की भांडण निम्मं मिटतं.

आणि आज रात्री त्याला एवढं सोडवायला द्या, सगळं मराठीत लिहायला सांगा: ‘सेव्हन गेस्ट्स केम. थ्री लेफ्ट ॲट नाइन. वन लेफ्ट हिज अम्ब्रेला. हाउ मेनी आर लेफ्ट?’ छत्रीपाशी अडकला तर डब्याची गोष्ट परत सांगा.